फोन दहा मिनिटं, वही चाळीस मिनिटं : पहिली ते चौथीच्या मुलांचं ऑनलाइन शिकणं घरात कसं बसवायचं

जुलै २०२०. करोनामुळे शाळा मार्चपासून बंद होती आणि मी आमच्या द्विशिक्षकी शाळेतल्या दुसरीच्या मुलांचा पहिला ऑनलाइन तास घेतला. पंचेचाळीस मिनिटांतली पहिली बारा-तेरा मिनिटं ‘आवाज येतोय का’, ‘माईक बंद करा’, ‘फोन उभा धरा’ यातच गेली. उरलेल्या वेळात मी हातच्याची बेरीज शिकवली. मुलं माना डोलवत होती, मलाही समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी वह्यांचे फोटो मागवले. बऱ्याच वह्या कोऱ्या होत्या, दोन-तीन वह्यांत सरळसरळ आईचं किंवा दादाचं अक्षर होतं.

एका मुलीची वही मात्र भरलेली होती, आणि ती त्या तासाला नव्हतीच. घरातला एकुलता एक फोन वडील कामावर घेऊन जात. रात्री ते परतल्यावर आईने मी पाठवलेला चार ओळींचा संदेश तिला वाचून दाखवला. मुलीने खराट्याच्या काड्या मोडून दहा-दहाचे गठ्ठे बांधले, सुट्या काड्या दहा झाल्या की नवा गठ्ठा केला, आणि हातचा म्हणजे काय हे तिला माझ्या व्हिडिओशिवाय कळलं.

तेव्हापासून मी तास लहान करत गेले आणि काम वहीकडे, काड्यांकडे, घरातल्या माणसांकडे सरकवत गेले. आता शाळा रोज भरतात, पण अतिवृष्टीत चार-चार दिवस सुट्टी लागते, कांजिण्या झालेलं मूल पंधरा दिवस घरी राहतं, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर मुलं कारखान्याच्या तळावर असतात, परदेशातली मराठी मुलं शनिवार-रविवारी पडद्यावरून मराठी शिकतात. या सगळ्यांसाठी त्या दिवसांत जे हाताशी लागलं ते इथे लिहिते आहे. आधी पालकांसाठी, मग माझ्यासारख्या शिक्षकांसाठी.

आधी वेळेचं माप ठरवा

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला तीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं, असं सांगितलं होतं. ही वरची मर्यादा आहे. अनेक घरांत आणि काही शाळांत ती किमान मर्यादा असल्यासारखी पाळली गेली आणि सात वर्षांची मुलं सकाळभर पडद्यासमोर बसली.

माझं माप असं. पहिली-दुसरीच्या मुलाला एका वेळी दहा मिनिटं फोन, आणि त्याच विषयावर तीस-चाळीस मिनिटं फोनशिवाय काम. तिसरी-चौथीला पंधरा ते वीस मिनिटं फोन, आणि पुढे पाऊण तास वही-पुस्तक. दिवसात अशा दोन बैठका पुरेत. शाळेचा तास चाळीस मिनिटांचाच असेल तर पहिल्या पंधरा मिनिटांनंतर मुलाला वही घेऊन फोनसमोरून बाजूला बसू द्या, आवाज चालू राहू द्या. शिक्षकांना तसं आधीच कळवा. बहुतेक शिक्षक आनंदाने हो म्हणतात.

फोन कुणाचा, कधी घरी, किती डेटा

वेळापत्रक शाळेच्या सोयीने आखलं की ते पहिल्या आठवड्यात मोडतं. ते फोनच्या वेळेवर आखावं लागतं. एका कागदावर तीन गोष्टी लिहा : घरात फोन किती आणि त्यातला कोणता कधी घरी असतो, रोजचा डेटा किती, आणि शिकणारी मुलं किती.

दोन भावंडं आणि एक फोन असेल तर फोन आपोआप मोठ्याकडे जातो, कारण त्याचा अभ्यास ‘महत्त्वाचा’. मला हे मुळीच पटत नाही. नववीतला मुलगा पुस्तक वाचून थोडंफार भरून काढू शकतो, पहिलीतल्या मुलीला अजून वाचताच येत नाही. तिची दहा मिनिटं आधी ठेवा, ती लवकर संपतात.

फोन दिवसभर बाहेर असेल तर थेट तासाचा हट्ट सोडा आणि शिक्षकांकडून व्हॉइस मेसेज मागा. रात्री साडेसात-आठला फोन घरी आला की मूल तो ऐकतं, काम दुसऱ्या दिवशी सकाळी करतं, आणि रात्री वहीचा फोटो जातो. एक दिवस मागे चाललं म्हणून काही बिघडत नाही.

डेटासाठी साधी युक्ती : व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. नातेवाइकांच्या गटातले शुभेच्छांचे व्हिडिओच दुपारपर्यंत पॅक संपवतात. शाळेने पाठवलेला व्हिडिओ एकदा उतरवून ठेवा, म्हणजे तो पुन्हा पाहताना डेटा लागत नाही. थेट तासात रेंज तुटायला लागली तर आपला कॅमेरा बंद ठेवा, आवाज स्थिर होतो.

फोन हातात नको

मुलाच्या हातात फोन असला की लिहायला हातच उरत नाही. एक हात फोन धरायला, दुसऱ्याने लिहायचं, तर वही सरकते. म्हणून फोन ठेवायची जागा पक्की करा. तांदळाच्या डब्याला टेकवून, खाली घसरू नये म्हणून ओला करून पिळलेला रुमाल किंवा रबरी पट्टी ठेवली की झालं. पडदा मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, निदान हातभर अंतरावर. खिडकी मुलाच्या पाठीशी नको, नाहीतर शिक्षकांना नुसती काळी आकृती दिसते. उजेड समोरून किंवा डाव्या बाजूने यावा. मूल डावखुरं असेल तर उजवीकडून.

मूल जमिनीवर बसत असेल तर वहीखाली पाट किंवा चौरंग ठेवा. पलंगावर लोळून तास नको, एवढा एक नियम मात्र मी कडक ठेवायला सांगते. पलंगावर अक्षर बिघडतं आणि मूल पेंगतं.

शेजारी या वस्तू आधीच मांडून ठेवा : वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पाठ्यपुस्तक, मूठभर चिंचोके, पाण्याचं भांडं. तास सुरू झाल्यावर पेन्सिल शोधायला उठलेलं मूल परत येईपर्यंत बाईंचं अर्धं सांगून झालेलं असतं.

फोनच्या आतलीही थोडी आवरासावर हवी. सेटिंगमध्ये सुरक्षिततेच्या भागात ‘ॲप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ नावाची सोय बहुतेक अँड्रॉइड फोनांत असते. ती सुरू केली की मूल तासाच्या ॲपमधून सहज बाहेर पडू शकत नाही. सूचनांचे आवाज बंद करा. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं बंद करा, कारण धडा संपल्यावर पुढे काय लागेल हे आपल्या हातात नसतं. पैसे पाठवायच्या ॲपला कुलूप असू द्या आणि त्याचा पिन मुलाला पाठ नसावा. हेडफोन वापरत असाल तर आवाज निम्म्यावर ठेवा. घर शांत असेल तर हेडफोन नकोच, कारण स्पीकरवर तास चालला की स्वयंपाकघरातून आईलाही कळतं आज काय चाललंय.

एक दिवस कसा दिसतो

दुसरीतल्या मुलाचा दिवस उदाहरणादाखल सांगते. सकाळी आंघोळ-नाश्ता झाल्यावर शाळेत होतो तसा घरीच छोटा परिपाठ : प्रार्थना, आजची तारीख आणि वार मोठ्याने, एक पाढा. तीन-चार मिनिटं लागतात, पण त्यामुळे मुलाला ‘आता शाळा’ हे कळतं. काही मुलांना गणवेशाचा शर्ट घातला की बसायला जमतं. तुमचं मूल तसं असेल तर घाला.

मग दहा मिनिटं फोन : बाईंचा व्हिडिओ, व्हॉइस मेसेज किंवा थेट बोलणं. फोन उलटा ठेवायचा. पुढचा अर्धा तास वही आणि वस्तू. मग सुट्टी, आणि ती घराबाहेर, अंगणात किंवा निदान गच्चीवर. ही सुट्टी पडद्यावर गेली तर दुसरी बैठक फुकट जाते, हे मी असंख्य वेळा पाहिलं आहे. दुसरी बैठक दुपारी जेवणाआधी किंवा संध्याकाळी. रात्री झोपताना कुणीतरी मोठ्याने गोष्ट वाचायची. बस.

वाचन-लेखन : इथे सगळ्यात जपून

पडद्यावरून शिकताना सगळ्यात जास्त नुकसान वाचनाचं होतं, आणि त्याची काही कारणं अगदी तांत्रिक आहेत.

पहिलं कारण कानाचं. साध्या फोनकॉलमध्ये आवाजाचा वरचा, बारीक भाग गाळला जातो. स आणि श यांतला फरक नेमका तिथेच असतो. त्यात रेंज अधूनमधून तुटली की ट-ठ, ड-ढ, प-फ यांतला हकार, म्हणजे ‘ह’चा श्वासही ऐकू येत नाही. वर्गात मुलगा माझे ओठ बघतो, फोनवर मी त्याला अंगठ्याएवढी दिसते. म्हणून फोनवरून श्रुतलेखन घेऊ नका. मूल ‘शाळा’चं ‘साळा’ लिहितं आणि आपण त्याची चूक समजतो. श्रुतलेखन घरातल्या माणसानेच समोर बसून घ्यावं. रोज पाच शब्द, तेही मुलाने आदल्या दिवशी वाचलेले. घरी कुणाला वाचता येत नसेल तर शिक्षकांनी शब्द रेकॉर्ड करून पाठवावेत, शांत खोलीत, फोन तोंडाजवळ धरून, प्रत्येक शब्द दोनदा आणि मध्ये दहा सेकंद थांबून.

दुसरं कारण आरशाचं. पुढच्या कॅमेऱ्यात बऱ्याच ॲपमध्ये आपली प्रतिमा स्वतःला उलटी दिसते. मुलाने ‘ग’ लिहून पाटी कॅमेऱ्यासमोर धरली की त्याच्या पडद्यावर तो उलटा दिसतो, बाईंना मात्र सरळ. ज्या वयात ३ आणि ६, ड आणि इ यांची अजून गल्लत होते, त्या वयात हा गोंधळ नको. पाटी दाखवताना मागचा कॅमेरा वापरा, किंवा सरळ फोटो काढून पाठवा.

तिसरं, अक्षराचं वळण. व्हिडिओत अक्षर लिहून झालेलं दिसतं, हात कसा फिरला ते नीट दिसत नाही. नवीन अक्षर आलं की मुलाचं बोट धरून ताटलीत पसरलेल्या रव्यात किंवा बारीक वाळूत पाच वेळा गिरवा, मग पाटीवर, मग वहीत. ‘झ’, ‘छ’, ‘ळ’ यांची सुरुवात कुठून, हे घरातल्या माणसाने तपासावं.

आता क्रम. पहिलीच्या पुस्तकात अक्षरं क-ख-ग-घ अशी ओळीने येत नाहीत, गटाने येतात, म्हणजे चार-पाच अक्षरं कळली की लगेच शब्द वाचता यावेत. म, क, र, ग, ल आले की मगर, कमल, गरम वाचता येतात, आणि मुलाचा चेहरा फुलतो. घरी बरेच आजोबा सगळी मुळाक्षरं पाठ करून घ्यायच्या मागे लागतात. पाठांतर राहू द्या, पण वाचायला पुस्तकाच्याच गटाने घ्या. गटातली अक्षरं जुन्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मोठी लिहून कापून घ्या. मूल ती मांडून शब्द तयार करतं. काना-मात्रांच्याही वेगळ्या पट्ट्या करा : ‘म’च्या पुढे काना सरकवला की ‘मा’.

आणि रोज एक मिनिट वाचन रेकॉर्ड करा. मुलाने पाठ्यपुस्तकातला किंवा गोष्टीतला एक उतारा मोठ्याने वाचायचा, तो आवाज शिक्षकांना पाठवायचा, आणि सोमवारचा व शनिवारचा आवाज मुलालाच ऐकवायचा. आपण सुधारलो हे त्याला स्वतःच्या कानांनी कळतं. आमच्या वर्गात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

अडखळल्यावर लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. तरी नाही आला तर पहिलं अक्षर सांगा. जोडाक्षर असेल तर ते फोडून दाखवा : ‘पुस्तक’मधला अर्धा स आणि त.

गणित : डबा, चिंचोके आणि ‘एकोण’

गणितासाठी ॲप कमी आणि स्वयंपाकघर जास्त वापरा. संख्येची जाण हाताला आधी येते. चिंचोके, बिया, खराट्याच्या काड्या, बाटल्यांची झाकणं, काहीही चालेल. दहा काड्यांना दोरा बांधला की दशक, सुट्या त्या एकक. पहिलीचं निम्मं गणित एवढ्यावर होतं.

मराठीत एक खास अडचण आहे. एकोणतीस ऐकल्यावर मूल ३९ लिहितं, एकोणसाठ ऐकल्यावर ६९. कारण कानावर ‘तीस’ आणि ‘साठ’ पडतं आणि लिहायचं असतं २९ आणि ५९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांसाठी ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वाद काहीही असो, अडचण खरी आहे आणि फोनवर ती दुप्पट होते, कारण समोर फळा नसतो. यावर उपाय : फोनवर संख्या सांगताना तिन्ही प्रकारे सांगा. ‘एकोणतीस. तिसाला एक कमी. दोन दशक नऊ एकक.’ मुलाने गठ्ठे मांडायचे, मग लिहायचं. पंधरा दिवसांत गल्लत कमी होते. ‘एकोण’ म्हणजे एक उणा हे मुलांना एकदा कळलं की त्यांना त्याची गंमतही वाटू लागते.

पैशांसाठी खरी नाणी द्या. दुकानात जाताना वीस रुपये देऊन परत किती आले ते मुलाला मोजू द्या. मापनासाठी वाटी आणि तांब्या : तांब्यात किती वाट्या पाणी मावतं, आधी अंदाज, मग मोजणी, मग वहीत दोन ओळी. घड्याळ काट्यांचंच हवं, फोनवरचं नको. चौथीच्या मुलाला भागाकार शिकवताना पोळ्या वाटायला लावा. सतरा पोळ्या पाच जणांत वाटल्या की बाकी दोन कुठून येतात हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

परिसर अभ्यासाबद्दल जास्त लिहीत नाही, तो घरी राहूनच उत्तम होतो. कुंडीत मेथी पेरा, रोज उंची मोजा. आजीला विचारून तिच्या लहानपणीचं पाणी, दिवा, चूल यांवर पाच वाक्यं लिहा.

जवळ बसणाऱ्या माणसासाठी

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी शेजारी हवं. ते आई-वडीलच असायला हवेत असं नाही. पाचवी-सहावीतली ताई चालते, आजी तर फारच चांगली, तिला घाई नसते.

शेजारी बसणाऱ्याने करायच्या गोष्टी थोड्या आहेत : वही उघडून देणं, पान दाखवणं, तोंड बंद ठेवणं. शिक्षकांनी प्रश्न विचारला की मागून कुजबुजत उत्तर पुरवणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. आम्हाला ते ऐकू येतं. पण मुलाला त्यातून कळतं की उत्तर आईकडे असतं, आणि मग ते विचार करायचंच थांबतं. चुकलं तर चुकू द्या. चूक कळली तरच मला उद्या काय शिकवायचं ते समजतं. तेच गृहपाठाचं. सुंदर अक्षरातली आईने लिहिलेली वही माझ्या काहीच कामाची नाही, मुलाची खाडाखोड केलेली वही लाखमोलाची.

तुम्हाला स्वतःला लिहिता-वाचता येत नसेल तर कृपया मागे सरू नका. माझ्या वर्गातल्या काही उत्तम वह्या निरक्षर आयांच्या घरातून आल्या. त्या रोज एकच करत : काम झालं की मुलाला समोर बसवून ‘आज काय शिकलास ते मला शिकव’ म्हणत. मूल बोट ठेवून वाचतं, काड्या मांडून दाखवतं. ते अडखळलं की आईलाही कळतं की इथे काहीतरी कच्चं आहे, आणि ती बाईंना फोन करून नेमकं सांगते.

मूल बसायलाच तयार नसेल, रडत असेल, तर त्या दिवशी तास सोडा. मी शिक्षक असून हे सांगते आहे. दुसऱ्या दिवशी पाचच मिनिटांनी सुरुवात करा आणि त्याला येतं त्यापासून करा. ‘शेजारचा बघ किती शहाणा’ हे वाक्य घरात नको.

शिक्षकांसाठी

तीस मुलांचा एक तास घेण्यापेक्षा पाच-पाच मुलांच्या तुकड्या करून पंधरा मिनिटं बोला. वेळ तुमचा जास्त जातो, पण पाच मुलांच्या तुकडीत प्रत्येकाला तीनदा बोलायला मिळतं. तुकडीत सारख्या पातळीची मुलं घ्या. एका बैठकीत एकच गोष्ट : एक अक्षरगट, किंवा हातचा, किंवा एक कविता. झूमच्या मोफत खात्यावर गटाचा तास चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होतो, प्राथमिकला तेवढा वेळ लागताच कामा नये.

लिहून दाखवायचं तर पडद्यावरच्या फळ्यापेक्षा हात दाखवा. दोन उंच डब्यांवर दोन लाकडी पट्ट्या थोडं अंतर सोडून आडव्या ठेवा, फोन त्यांवर असा निजवा की मागचा कॅमेरा फटीतून खाली वहीवर बघेल. मुलांना तुमचा हात वरून दिसतो, अक्षराचं वळण दिसतं, काड्या मांडलेल्या दिसतात. माझा हाच कायमचा स्टुडिओ होता.

व्हॉइस मेसेज एक मिनिटाच्या आत, आणि काम मोजकं : ‘पान बारा उघडा. पहिली चार वाक्यं मोठ्याने वाचा. ज्या शब्दांत काना आहे त्यांखाली रेघ मारा. फोटो पाठवा.’ आदेश तीन-चारच. फोटो आला की नुसता अंगठा किंवा फुलाचं चित्र पाठवू नका. एक नेमकं वाक्य बोलून पाठवा : ‘तुझा झ आज सुरेख आलाय, ळ मात्र पुन्हा तीनदा काढ.’ बाईंच्या आवाजात स्वतःचं नाव ऐकायला मूल तो मेसेज दहा वेळा लावतं.

आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला साधा फोन करा. अभ्यासाबद्दल एक प्रश्न, बाकी म्हशीबद्दल, पावसाबद्दल, धाकट्या भावाबद्दल. ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांच्यासाठी तीन-चार जणांचा कॉन्फरन्स कॉल लावा. पाढे, कविता, गोष्ट, तोंडी गणितं त्यावर छान होतात. तासाची लिंक फक्त पालकांच्या गटात टाका, उघड कुठेही नको, आणि मुलांचे चेहरे दिसणारे पडद्याचे फोटो स्टेटसला लावू नका.

फोनच नसेल तेव्हा

करोनाच्या काळात महाराष्ट्राने या बाबतीत करून दाखवलेलं फार आहे. सोलापूरच्या नीलमनगरात एका शाळेच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, मुलं येता-जाता वाचत. पालघरच्या आदिवासी पाड्यांत भोंग्यावरून धडे लावले गेले. नागपूर विभागात आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागली.

यातून आजही घेण्यासारखं : तुमच्या वस्तीत चार मुलं एकाच इयत्तेत असतील तर एका फोनभोवती दहा मिनिटं जमवा, मग आपापल्या वहीवर काम. समाजमंदिराच्या भिंतीवर बाराखडी आणि एक ते शंभर लिहायला गेरू आणि चुना पुरतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाबरोबर महिन्याभराच्या कामाचे कागद शिवून द्या, आणि पालकांशी फोनची वेळ आधीच ठरवून घ्या.

मोफत आणि भरवशाचं साहित्य

पैसे भरून ॲप घ्यायची या वयात गरज नाही. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केले की त्या-त्या धड्याचं साहित्य उघडतं. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. तिसरी-चौथीच्या मुलांना त्यातली कोडी आणि चित्रं फार आवडतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचन-पातळीनुसार लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानाला एक-दोनच वाक्यं असतात. गूगलचं ‘रीड अलाँग’ हे ॲप मुलाचं वाचन ऐकून अडलेला शब्द सांगतं. चांगलं आहे, पण माणसाऐवजी नव्हे, माणूस नसेल त्या दहा मिनिटांपुरतं.

एका वेळी यातली दोनच साधनं निवडा. चार ॲप असलेल्या फोनवर मूल नुसतं ॲप बदलत बसतं.

परदेशातल्या मराठी मुलांचं

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, इतर देशांतही मंडळं वर्ग घेतात, आणि जवळ शाळा नसलेली बरीच मुलं घरून जोडली जातात. तिथे अडचण वेळेची नसते, आठवड्यातून एकदाच मराठी कानावर पडतं ही असते. शनिवारच्या तासाला सोमवार ते शुक्रवार रोज पाच मिनिटांची जोड द्या : सांगली-नागपूरच्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल, आणि त्या कॉलवर ठरलेलं काम. सोमवारी आजोबांनी एक गोष्ट सांगायची, मंगळवारी नातवाने ती परत सांगायची, बुधवारी त्यातले तीन शब्द लिहायचे. मुलाने मध्ये इंग्रजी शब्द वापरला तर हटकू नका, पुढच्या वाक्यात तो मराठी शब्द आपण वापरायचा.

डोळे

दर वीस मिनिटांनी, वीस सेकंद, वीस फूट लांब बघायचं. घरात वीस फूट नसतात, म्हणून खिडकीतून झाड बघायचं. रोज तास-दोन तास उघड्यावर खेळ, दिवसाच्या उजेडात. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये जवळचंच नीट दिसण्याचा दोष कमी आढळतो. मूल डोळे बारीक करून बघत असेल, पडद्याच्या जवळ-जवळ सरकत असेल, कपाळ दुखतं म्हणत असेल तर तपासून घ्या.

शनिवारी दहा मिनिटं

आठवडाभर चाललेलं लागू पडतंय का, हे हजेरीवरून कळत नाही. शनिवारी तीन गोष्टी बघा. सोमवारी न वाचलेला, त्याच पातळीचा नवा उतारा मूल वाचतं का. आठवड्यात शिकलेलं एक गणित काड्यांशिवाय आणि मग काड्या घेऊन, दोन्ही तऱ्हेने करून दाखवतं का. आणि एखाद्या चित्राबद्दल स्वतःच्या मनाने पाच वाक्यं बोलतं का.

तिन्ही येत असतील तर पुढे चला. एखादं अडलं तर पुढचा आठवडा तेवढ्यासाठीच ठेवा, बाकीचा अभ्यासक्रम थांबला तरी चालेल. आणि शाळा पुन्हा सुरू होईल तेव्हा मुलाबरोबर ती वही पाठवा, पहिल्या पानावर बाईंसाठी तीन ओळी लिहून : वाचताना काय येतं, कुठे अडतं, आणि घरी कोण जवळ बसत होतं.